मार्फत

आमच्या सिडकोतल्या महिला मंडळात नवीन बाई आली की तिला स्वतःविषयी बोलायला पाच मिनिटं देतात. एवढा वेळ मी काय बोलू, असं म्हणत ती उभी राहते आणि वेळ पुरला नाही म्हणत खाली बसते. "मी सौ. अमुक. आमचे मिस्टर विद्युत मंडळातून रिटायर झाले. मोठा मुलगा हिंजवडीला, सूनसुद्धा आयटीतच, धाकटी बंगळुरूला असते. माहेर परभणीचं, सासर अंबडचं." टाळ्या होतात, पोहे येतात. ही बाई ताटातला कढीपत्ता वेचून काठाला रांगेनं लावते, किंवा एके काळी विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलेली आहे, हे कळायला पुढं दोन-तीन कोजागिऱ्या जाव्या लागतात.

माझ्या वेळीही निराळं काही झालं नाही. मिस्टर वाळूजला कंपनीत होते, मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला, माहेर बेगमपुरा, आजोळ पैठण, इथपर्यंत आले आणि अध्यक्षबाईंनी घड्याळाकडं बघितलं. सगळ्यांची ओळख करून देऊन झाली, माझी तेवढी राहिली. ती आता लिहायला घेतली आहे. इथं कोणी घड्याळाकडं बघणार नाही.

तसं यात मला नवल वाटायचं कारण नव्हतं. माझी नोकरी पोस्टात झाली, त्यातली बरीचशी जुना बाजारातल्या मोठ्या पोस्टात, आणि पोस्टात माणूस एकटा कधी येतच नाही. जवानाला लिहिलेल्या पत्रावर नंबर, हुद्दा, पलटण आणि 'मार्फत ५६ एपीओ'. तो कुठल्या डोंगरावर उभा आहे हे आईलाही ठाऊक नसायचं, पण पत्र पोचायचं. बाईच्या पत्रावर 'मार्फत श्री.' आणि पुढं नवऱ्याचं नाव, नवरा गेलेला असला तर मुलाचं. भाड्याच्या खोलीतला विद्यार्थी घरमालकाच्या मार्फत, नवीन लागलेला मास्तर शाळेच्या मार्फत. मधे कोणाला न घेता, थेट स्वतःच्या नावावर टपाल तिघांनाच यायचं: वकिलाला, डॉक्टरला आणि ज्याच्यावर कोर्टाची नोटीस निघाली आहे त्याला.

नावाखालचा पत्ता तर त्याहून मजेदार. आमच्या शहरात पत्ता म्हणजे जे आता तिथं नाही त्याची यादी. मिल कधीच बंद पडली, मिल कॉर्नर अजून आहे. महावीर चौक म्हटलं तर रिक्षावाला तुमच्याकडं पाहुण्यासारखं बघतो, बाबा पेट्रोल पंप म्हटलं की मीटर टाकतो, निदान टाकल्यासारखं करतो. कर्णपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा, भावसिंगपुरा हे पुरे मोगलांच्या फौजेबरोबर आलेल्या राजपूत सरदारांच्या नावाचे. बिकानेरचा राजा कर्णसिंह आणि त्याचा मुलगा पदमसिंह यांना जाऊन तीनशेवर वर्षं झाली, तरी त्यांच्या नावानं आम्ही रोज पाकिटं लावत होतो. शहराचं स्वतःचं नावही एका जागी थांबलेलं नाही. मलिक अंबरनं १६१० मध्ये वसवली ती खडकी, त्याच्या मुलानं केलं फत्तेनगर, १६५३ नंतर औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. माझ्या जन्मदाखल्यावर एक नाव आहे, आधारवर दुसरं. यावर लोक तासन् तास भांडतात. मी पोस्टातली, मला एवढंच ठाऊक की पिनकोड बदललेला नाही.

वाळूजची वसाहत वाढली तशी आमच्या खिडकीवर मनीऑर्डरवाल्यांची रांग वाढली. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ ला आला, त्याच्यामागून लहानमोठे वर्कशॉप आले आणि बीड, जालना, नांदेडकडची पोरं आली, मग बिहार, उत्तर प्रदेशची. पगाराच्या आठवड्यात खिडकी उघडायच्या आधी रांग. एकदा बिहारातल्या सिवान जिल्ह्यातला एक पोरगा आला. फॉर्म भरून द्या म्हणाला. हाताला ग्रीसचा वास, नोटा वहीत दाबून आणलेल्या. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कूपन असायचं, त्यावर दोन-तीन ओळींचा मजकूर मावायचा. मी विचारलं, क्या लिखूँ? म्हणाला, लिखिए, सब ठीक है. अजून जागा होती. मागची रांग चुळबुळ करायला लागली. त्यानं जरा विचार केला आणि म्हणाला, लिखिए, यहाँ रोटी ज्वार की होती है.

मंडळात ऐकलेल्या सगळ्या परिचयांवर मी ही एक ओळ ओवाळून टाकेन. आपण कुठं आलो, आपलं काय चाललंय, आपल्याला काय खटकतं, काय आवडायला लागलंय, सगळं त्यात आलं. कंपनीचं नाव त्यानं सांगितलंसुद्धा नाही.

माझ्या आजोबांचा पत्ता मात्र मलाही लावता आला नसता, कारण ते ज्या राज्यात जन्मले ते राज्यच नकाशावर राहिलं नाही. ते निजामाच्या तहसिलीत पेशकार होते. शिक्षण उर्दूतून 'वस्तानिया'पर्यंत, म्हणजे आपल्या सातवीपर्यंत. त्यांच्या पेटीत शाळेचा एक दाखला होता आणि घरात तो कोणाला वाचता येत नव्हता. आजोबांची नजर तोवर गेलेली. मी कॉलेजात असताना तो घेऊन शहागंजात एका घड्याळदुरुस्तीवाल्या चाचांकडं गेले. त्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढता वाचलं: माहे खुर्दाद, सन १३२५ फसली. निजामाच्या राज्यात सरकारी साल फसली असायचं. ते ऑक्टोबरात, आझुर महिन्यापासून सुरू व्हायचं आणि महिन्यांची नावं इराणी होती. चाचांनी तिथंच पाकिटाच्या मागं हिशेब मांडून एप्रिल १९१६ काढून दिला. पैसे घेतले नाहीत. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, "असेल. आई सांगायची, कैऱ्यांचे दिवस होते."

आजोबा रागवायचे मराठीत आणि मोजायचे उर्दूत. निजामाचा रुपया हाली आणि इंग्रजांचा कलदार, सात हाली म्हणजे सहा कलदार. हा हिशेब त्यांच्या डोक्यात इतका पक्का बसलेला की हाली चलन बंद होऊन जमाना लोटला तरी भाव ऐकला की ते आधी मनात फिरवून बघायचे. सतरा सप्टेंबरला शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन करून आम्ही घरी आलो की ते विचारायचे, "गिरदावर आला होता का?" त्यांच्या लेखी सरकारी कार्यक्रम म्हणजे गिरदावर, म्हणजे महसूल निरीक्षक, हवाच. त्यांची एक खोड माझ्याकडं आली. नोटा मोजताना मी वीसपर्यंत मराठीत असते आणि एकविसाव्या नोटेला 'इक्कीस' म्हणते. पुढं शंभरापर्यंत त्यांच्याच सुरात. काउंटरवरच्या मुली हसायच्या. मराठीत मोजून बघितलं, रक्कम जुळते पण जीव लागत नाही.

अप्पांची, म्हणजे वडिलांची, जन्मतारीख १ जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच. मास्तरांनी शाळेत नाव घालताना सगळ्यांना एका दिवशी जन्माला घातलं होतं. आईच्या जन्माला असा कोणा मास्तराचा हात लागलेला नाही. तो १९४८ चा, पोळ्याच्या सुमाराचा. पैठणला गोदावरीच्या अलीकडं निजामाचं राज्य होतं आणि पलीकडं शेवगाव तालुका, नगर जिल्हा, म्हणजे हिंदुस्थान. रझाकारांची धास्ती वाढली तशी जमेल तेवढी घरं नदी ओलांडून गेली. आजी पोटुशी होती, नदीला पाणी होतं, तरी होडीत बसली. त्यामुळं आमच्या घरात असा प्रकार आहे की थोरले मामा निजामाच्या राज्यात जन्मले, आई नदीपलीकडं हिंदुस्थानात आणि पोलीस ॲक्शननंतर सगळे परत आल्यावर धाकटे मामा पैठणच्या त्याच जुन्या घरात, पण भारतात. तिघांत मिळून तीन किलोमीटरचं अंतर नसेल.

नदी ओलांडताना आजीच्या काखेत एक बोचकं होतं. दोन लुगडी, पितळी तांब्या, जमिनीचे कागद आणि देवघरातला बाळकृष्ण. परत आल्यावर लुगडी दांडीवर गेली, बाळकृष्ण देव्हाऱ्यात गेला, कागद मात्र बोचक्यातच राहिले, आणि बोचकं दाराजवळच्या फडताळात. ती सवय आईनं उचलली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून सगळे गाढ झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला आणि इथं आमच्याकडंही भांडी वाजली. गल्लीतली माणसं होती तशी बाहेर पळाली. कोणाच्या हातात पोर, कोणाच्या हातात नुसतीच उशी. आई सगळ्यांत शेवटी आली, सावकाश, हातात कागदांची पिशवी. वर चपला घालून. आता ती पिशवी माझ्याकडं आहे. रेशनकार्ड, खरेदीखत, सगळ्यांच्या मार्कशीटा, आजोबांचा तो दाखला. दाराजवळच्या कपाटात असते. सुनेनं एकदा ती उचलून लॉफ्टवर ठेवली होती. मी रात्री उठून खाली आणली.

आता पाण्याविषयी. हे जरा सविस्तर सांगावं लागेल.

अप्पा पाटबंधारे खात्यात होते. जायकवाडीची कोनशिला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते ऑक्टोबर १९६५ मध्ये बसली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं लोकार्पण केलं. मधली सगळी वर्षं अप्पा मोजणीच्या साखळ्या आणि वह्या घेऊन उन्हात होते. बुडित क्षेत्राच्या एका मोजणीत आईच्या मामांचं शेत निघालं. काळी जमीन, विहिरीला बारमाही पाणी, बांधावर आंबे. अप्पांनीच ते मोजलं. बदली मागता आली असती, मागितली नाही. मी नाही मोजलं तर दुसरा मोजेल आणि कमी भरवेल, असं म्हणाले. मामाआजोबा पुढं आयुष्यभर, चारचौघांत, "भाचजावयानं साखळी टाकली अन् शेत बुडवलं" असं म्हणायचे. थट्टेनं म्हणायचे की मनातून, हे आईला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हा मुलांना मात्र दरवर्षी पाटीभर आंबे यायचे, ते कुठल्यातरी दुसऱ्या बांधावरचे.

जायकवाडीच्या त्या नाथसागरातून, साधारण पन्नास किलोमीटरवरून, पंपांनी उचललेलं पाणी आमच्या शहराला येतं. म्हणजे माझ्या घरच्या नळाला जे येतं ते आईच्या मामांच्या शेतावरून आलेलं असतं. येतं, पण रोज नाही. किती दिवसांआड, ते ऋतू, फुटलेली जलवाहिनी आणि आपलं नशीब यांवर ठरतं. या शहरात दोन अनोळखी माणसं बोलायला लागली की तिसरं वाक्य ठरलेलं: तुमच्याकडं पाणी कधी येतं? पाणी कोणत्या दिवशी येतं यावरून सोयरिकीची बैठक ठरते, श्राद्धाला किती पानं वाढायची ते ठरतं. माझी या बाबतीतली खोड घरात बदनाम आहे. गच्चीवरची टाकी भरली, खालचा हौद भरला, पिंप, बादल्या, हंडे भरले, तरी नळ चालू असेल तर मला बसवत नाही. मग कुकर. मग डबे. मग चहाचं भांडं. मुलीनं एकदा फिरकीचे पेले भरलेले बघितले आणि फोटो काढून भावाला पाठवला. पुण्याच्या फ्लॅटमध्ये, जिथं चोवीस तास पाणी आहे, तिथंही मी झोपायच्या आधी दोन तांबे भरून ठेवते. सून काही बोलत नाही, सकाळी ते झाडांना घालते.

अप्पांना भांड्यांचं वेड नव्हतं, त्यांना टक्क्यांचं होतं. जुलै लागला की पेपरातल्या पहिल्या पानाआधी नाथसागराचा साठा. नाशिकला पाऊस किती, वरच्या धरणांनी काय सोडलं, नगरवाल्यांनी काय अडवलं. १०२ टीएमसीचं धरण, त्याचे सत्तावीस दरवाजे, सगळं त्यांना घरच्या खिडक्यांसारखं पाठ. २००५ चा समन्यायी पाणीवाटपाचा कायदा झाला तेव्हा त्यांनी पेढे वाटले होते, आणि पाणी तरीही हटकून उशिरा सुटायला लागलं तेव्हा त्या पेढ्यांची आठवण काढून आई त्यांना चिडवायची. शेवटच्या आजारात ते दवाखान्यात होते. ऑगस्ट होता. गुंगीतून जागे झाले आणि सिस्टरला विचारलं, "किती टक्के झालं?" तिला वाटलं ऑक्सिजन विचारतात. म्हणाली, "चौऱ्याण्णव, आजोबा." अप्पा समाधानानं परत झोपले.

माझं लहानपण पैठणच्या धरणाच्या कॉलनीत आणि मग बेगमपुऱ्यात गेलं. घर कुठं विचारलं की आम्ही सांगायचो, मकबऱ्याजवळ. बाहेरगावचा कोणी 'अच्छा, तो नकली ताजमहाल' म्हणाला की माझं डोकं अजूनही फिरतं. ज्या बाईची ती कबर आहे ती दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये याच शहरात बाळंतपणानंतरच्या दुखण्यानं गेली. औरंगजेबाची बायको, आझमशहाची आई. मकबऱ्याच्या मुख्य दारावर ती वास्तू बांधणाऱ्या अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावं आहेत. त्यातला अताउल्लाही पुन्हा ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा म्हणूनच ओळखला जातो. आणि जिच्यासाठी सगळं उभं राहिलं तिला शहर नुसतं 'बीबी' म्हणतं. पोस्टात बसल्यावर कधी कधी मनात यायचं, हिला पत्र आलं असतं तर पाकिटावर काय लिहिलेलं असतं ते आपल्याला पाठच आहे.

बीबी गेली त्या वेळी आमच्याच मुलखातली दुसरी एक बाई मात्र स्वतःबद्दल बोलायला शिकली होती. संत बहिणाबाई. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. या शिऊरच्या. १६२८ मध्ये वेरूळजवळच्या देवगावात, म्हणजे आताच्या कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीला, कुळकर्ण्याच्या घरी जन्मल्या. कोवळ्या वयात तिशीतल्या बिजवराशी लग्न झालं. भाऊबंदकी आणि कर्जाच्या तगाद्यानं घरदार सोडून सगळी मंडळी पंढरपूर, कोल्हापूर असं फिरत राहिली, पुढं देहू, आणि शेवट वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला. समाधी तिथंच आहे. त्यांनी आत्मनिवेदनाचे अभंग रचले. सतराव्या शतकातली एक बाई आपली गोष्ट आपण सांगते, हे मराठीतच काय, सगळ्या देशात दुर्मीळ. जस्टिन ॲबट यांनी १९२९ मध्ये ते इंग्रजीत नेले. आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी शिकलेल्या घरांत ते अजून मराठीतही पोचलेले नाहीत.

बहिणाबाई सुरुवात करतात ती रीतीप्रमाणं. आदिनाथापासून गुरुपरंपरा, ज्ञानेश्वरांवरून पार तुकोबांपर्यंत. मग गाव, मग आईवडील. मंडळातली बाई इथंच खाली बसली असती. बहिणाबाई बसत नाहीत. त्या सांगतात, कोल्हापुरात ज्यांच्या घरी बिऱ्हाड होतं त्यांना कपिला गाय दान मिळाली होती, तिचं वासरू आपल्यामागं कसं लागलं. आपण पाण्याला गेलो तर पाण्याला, जयरामस्वामींच्या कीर्तनाला गेलो तर कीर्तनाला. गर्दीत वासराला बाहेर काढलं तेव्हा ते हंबरलं, आपणही रडलो, स्वामींनी दोघांना आत बोलावून घेतलं. पोरीचं नाव झालं आणि नवऱ्याला ते सोसलं नाही. त्यानं मारलं, बांधून ठेवलं. वासरानं चारा सोडला आणि ते गेलं. नवऱ्याचा मार त्यांनी लपवलेला नाही, त्याला शापही दिलेला नाही. पुढं याच बाईनं ब्राह्मणाच्या घरात राहून तुकोबांना, त्या वेळच्या हिशेबानं शूद्राला, गुरू मानलं आणि शेवटी नवराही देहूला आला. मरताना त्यांनी मुलाला, विठोबाला, जवळ बसवून आपले आधीचे बारा जन्म सांगितले. मुलाला आपली ओळख करून द्यायला एवढं मागं जावं लागलं त्यांना. ते बारा जन्म मला नीट लक्षात राहत नाहीत. वासरू राहतं.

तरी बहिणाबाई कुळकर्ण्याच्या लेक होत्या. परंपरा सांगून सुरुवात करायची सोय त्यांना होती. आमच्याकडं एसटीत शेजारी बसलेला माणूस तीन प्रश्न विचारतो: कोणत्या गावचे, कोणाचे, आडनाव काय. पहिल्या दोन प्रश्नांत माया असते. तिसऱ्यात मोजणीची साखळी असते. माझं आडनाव ऐकून पुढं केलेला तांब्या कोणी मागं घेतला नाही, म्हणून मला तो प्रश्न टोचला नाही इतकंच. बाबासाहेबांनी १९५० मध्ये इथं मिलिंद महाविद्यालय काढलं आणि नागसेनवनात गावोगावची पोरं आली, त्यांना तो टोचलेला होता. गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' याच शहरातून निघायचं. प्र. ई. सोनकांबळे मिलिंदमध्ये शिकले, याच शहरात त्यांनी इंग्रजी शिकवलं, आणि १९७९ मध्ये त्यांचं 'आठवणींचे पक्षी' आलं. आईवडील लहानपणीच गेलेले, बहिणीच्या आसऱ्यानं वाढलेलं पोर. त्याच्या पाकिटावर मार्फत कोणाचं नाव घालायचं? ते पुस्तक मी आमच्या पोस्टाच्या रिक्रिएशन क्लबच्या कपाटातून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत वाचत राहिले, तर त्या आठवड्यात डबा खाल्ला गेला नाही. माझ्या पदवीवर मराठवाडा विद्यापीठ आहे, धाकट्या बहिणीच्या पदवीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. मधे १४ जानेवारी १९९४ आहे आणि त्याआधीची, विधिमंडळाच्या १९७८ च्या ठरावापासूनची, सोळा वर्षं. त्यात माणसं मेली, गावोगावी घरं जळली. एका नावासाठी. नावात काय आहे म्हणणाऱ्यांनी आमच्या विद्यापीठाच्या कमानीपाशी येऊन ते म्हणून बघावं.

'आठवणींचे पक्षी' वाचल्यापासून मी कोणाला आडनाव विचारत नाही. ओळख निघत नाही म्हणून लोक नाराज होतात, मला शिष्ट समजतात. समजू देत.

तर कोणाचंही नाव न घेता सांगायचं तर माझी जंत्री छोटी आहे. पाकीट हातावर घेतलं की ते वीस ग्रॅमच्या आत आहे की बाहेर हे मला कळतं. आता पाकिटंच येत नाहीत, म्हणून हे कसब मी कोथिंबिरीच्या जुडीवर चालवते आणि भाजीवाल्याशी वाद होतात. डिंकाचा वास मला अत्तरापेक्षा आवडतो. इमरती मला खाववत नाही, पण गुलमंडीवरून जाताना ती तळताना बघायला मी उभी राहते, कारागिराचा हात थांबेपर्यंत. टीव्हीवर कोणी चुकीचा पिनकोड सांगितला तर मी मोठ्यानं दुरुस्त करते. मिस्टरांनी वाळूजला तीन पाळ्यांत नोकरी केल्यामुळं दुपारी बारा वाजता रात्रीचं जेवण आणि पहाटे चहाबरोबर गप्पा ही आमच्या घरची रीत, ती अजून सुटलेली नाही. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या जत्रेला देवीचं दर्शन झालं की मी आकाशपाळण्यात एकटी बसते. साठी झाली तरी. पाळणेवाला विचारतो, "आजी, बरोबर कोणी नाही?" मी म्हणते, नाही, आणि दांडी पक्की लावून घेते. वर गेलं की ओरडते सुद्धा. हे मंडळात सांगितलेलं नाही.

आता पत्ता लिहून घ्या. सिडको, छत्रपती संभाजीनगर, पिन ४३१००३. कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे, तिथं पोस्टातल्या बाई म्हणून विचारा, घरापर्यंत आणून सोडतील. चहा होईल, वेळ असेल तर ज्वारीची भाकरी आणि ठेचा होईल, आजोबांचा दाखला दाखवीन. फक्त यायच्या आधी फोन करा आणि पाण्याचा दिवस सोडून या. त्या दिवशी मी कोणाशी बोलत नाही.